काच घेण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहा

टिंबर मार्केटमधल्या काचेच्या दुकानात नमुन्यांची पेटी समोर उघडली की त्यातला प्रत्येक तुकडा सुंदर दिसतो. तुकडा चार-सहा इंचांचा, मागे ट्यूबलाइट, खाली पांढरा कागद. आपण दोन-तीन हातात घेऊन पाहतो, एक पसंत करतो आणि माप देऊन घरी येतो. महिन्याभराने तीच काच देवघराच्या दाराला बसते आणि काळपट दिसते. नाहीतर न्हाणीघराच्या खिडकीला बसते आणि रात्री दिवा लावला की समोरच्या इमारतीतून आतला माणूस ओळखू येतो. काच वाईट नसते. ती दुकानातल्या उजेडात निवडलेली असते आणि राहायला आपल्या उजेडात येते.

म्हणून नमुना घरी आणा. अनामत ठेवून बहुतेक दुकानदार देतात. जिथे काच बसणार आहे तिथे तो हाताने धरा, सकाळी आठला, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून. घरातल्या कुणाला तरी पलीकडे उभे करा, आधी काचेला अगदी खेटून, मग हातभर मागे, मग चार-पाच फुटांवर. मग जागांची अदलाबदल करा. दहा मिनिटांच्या या खटाटोपात जे कळते ते कुठल्याही कॅटलॉगमधून कळत नाही.

यात एकच गोष्ट पारखायची असते. काचेतून दिसते ते अंधाऱ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला. दिवसा बाहेर उजेड जास्त, म्हणून रंगीत तावदान घरातून पेटल्यासारखे दिसते आणि रस्त्यावरून काळे. रात्री हे उलटते. आरशासारख्या चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह काचेचेही हेच. दिवसा ती बाहेरच्याला आत पाहू देत नाही, पण संध्याकाळी साडेसातला दिवाणखान्यात दिवे लागले की सारे घर समोरच्या गॅलरीतून दिसते. गॅलरी बंद करून घेताना ‘या काचेला पडदा लागणार नाही’ असे सांगितले जाते, ते फक्त सूर्य मावळेपर्यंत खरे असते.

पुण्यात ज्यांचे बालपण वाड्यात गेले त्यांना हे न शिकता ठाऊक आहे. आमच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्यात माडीच्या दारांवर अर्धगोलाकार झडपा होत्या, त्यांत लाल, हिरवी, निळी, पिवळी तावदाने. सकाळी त्यांचे रंग शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडत आणि नऊच्या सुमारास भिंतीवर चढत. ओटीवरून पाहिले तर तीच तावदाने मळकट वाटत. सुताराने ती उजेडाच्या आणि काळोखाच्या सीमेवर बसवली होती. उजळ गॅलरी बाहेर, अंधारी माडी आत. आज फ्लॅटमध्ये रंगीत काच लावायची असेल तर अशीच सीमा शोधावी लागते. दिवाणखाना आणि बोळ यांच्यामधले दार, जिन्याच्या वळणावरची खिडकी, स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीचा वरचा कप्पा. भिंतीला टेकवून लावलेली रंगीत काच मात्र दिवसभर मुकी राहते. तिच्यामागे दिव्याची पेटी केली तरच ती बोलते.

रंगीत काच म्हणून बाजारात चार वेगळ्या वस्तू मिळतात आणि चौघींना ‘स्टेन्ड ग्लास’ हेच नाव लावलेले असते. खरी ती, जिच्या अंगात रंग असतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची संयुगे मिसळतात. कोबाल्टने गडद निळा येतो, लोहाने हिरवा, मँगनीजने जांभळा, आणि सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी तो खोल माणकासारखा लाल. हा रंग उन्हाने जात नाही. अशा काचेचे तुकडे हिरकणीने कापून शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत बसवतात आणि सांधे झाळतात. नाजूक कामाला तुकड्यांच्या कडांना तांब्याची पातळ फीत गुंडाळून झाळकाम करतात. दुसरी वस्तू म्हणजे साध्या काचेवर रंगवलेले चित्र. तिसरी, साध्या काचेवर रंगीत फिल्म आणि वरून चिकटवलेली शिशाची पट्टी. चौथी नुसती छापील फिल्म.

चारही वापरण्यासारख्या आहेत, पण किंमत एकीची देऊन दुसरी घरी येऊ नये. ओळखायचे असे. काच तिरकी धरून कडेकडे पाहा. अंगच्या रंगाची असेल तर कडही रंगीत दिसते. मग बोट फिरवा. खऱ्या कामात शिशाची पट्टी दोन्ही बाजूंना हाताला लागते आणि प्रत्येक तुकडा वेगळा जाणवतो. फिल्मच्या कामात मागची बाजू एकसंध, गुळगुळीत असते. रंगवलेली काच पश्चिमेच्या खिडकीला लावू नका. पुण्याचे एप्रिल-मेचे ऊन थेट पडले की काही वर्षांत रंग विटतो आणि पोपडे सुटू लागतात. तीच काच आतल्या दाराला छान टिकते.

खऱ्या कामाची किंमत क्षेत्रफळापेक्षा तुकड्यांच्या संख्येवर ठरते, हे अंदाजपत्रक घेताना ध्यानात ठेवा. दोन फुटांच्या चौकटीत मोराच्या पिसाऱ्याचे दीडशे तुकडे मागितले तर पैसा मजुरीचा जातो. तेवढ्याच जागेत वाड्यासारखी बारा चौकोनी तावदाने मागितली तर खर्च कितीतरी कमी येतो, आणि माझ्या मते घरात तीच जास्त शोभतात. मोर पहिल्या वर्षी पाहुणे पाहतात. चौकोनांतून उतरणारा उजेड आपण रोज पाहतो. शिसे मऊ असते, त्यामुळे मोठ्या चौकटीला मागून आडव्या सळया लागतात, नाहीतर काही वर्षांनी पोट सुटते. लहान मुलांचा हात पोहोचेल अशा ठिकाणी उघडे शिशाचे काम नको. मुले चाटतात, शिसे विषारी आहे. तिथे ही चौकट दोन टफन्ड, म्हणजे तापवून बळकट केलेल्या, काचांच्या मध्ये बंद करून घ्या. धूळही बसत नाही आणि पुसणेही सोपे होते.

निवड करण्याआधी चांगले काम डोळ्यांखालून घालावे. कॅम्पातले सेंट मेरीज चर्च १८२५ सालचे आहे, त्याच्या रंगीत खिडक्या दुपारच्या शांत वेळी आत बसून पाहा. मुंबईला जाणे झाले तर कुलाब्याचे अफगाण चर्च आणि १८७८ मध्ये पुरा झालेला राजाबाई टॉवर. टॉवरच्या आणि त्याला लागून असलेल्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या काचांचे जतनकाम अलीकडच्या काळात झाले आहे, त्यामुळे रंग मूळच्या तेजाने दिसतात. बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात रंगीत खिडकीपेक्षा वेगळी चीज आहे, काचेवरची चित्रे. ती काचेच्या मागच्या बाजूने रंगवतात, म्हणजे सारा क्रम उलटा. कागदावर जे शेवटी येते, डोळ्यातला ठिपका, नथीचा मोती, शालूची किनार, ते इथे सर्वांत आधी घालायचे आणि पार्श्वभूमी शेवटी. एकदा मागून रंग चढला की पुढची चूक सुधारता येत नाही. तुमच्या घरात आजोळचे असे एखादे चित्र असेल तर त्याची मागची बाजू कधीही पुसू नका, ओल्या फडक्याने तर नाहीच. पुढून कोरड्या मऊ कापडाने पुसा, आणि बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते आणि रंग काचेपासून सुटतो.

काचेच्या बाबतीत पुण्याचा संबंध नुसता पाहण्याचा नाही, घडवण्याचाही आहे. वाड्यांतली तावदाने, हंड्या, झुंबरे यांची काच बहुतेक परदेशातून जहाजाने येई. ती इथे बनावी म्हणून अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर, गावोगाव एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना निघाला. तो कारखाना होता तशी शाळाही होती. इथे शिकलेले कारागीर पुढे देशात ठिकठिकाणी काचेच्या धंद्यात गेले. १९१६ मध्ये कराडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला आणि तिथल्या प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत उजेड केला. तुमच्या माळ्यावर त्या कंदिलाची काच असेल तर उन्हात धरून पाहा. तिच्यात बारीक बुडबुडे दिसले तर तो दोष समजू नका.

बुडबुडे आणि लाटा हीच जुन्या काचेची ओळख. आजची सपाट काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात. ही पद्धत इंग्लंडमध्ये पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जगापुढे आणली. त्याआधीची तावदाने फुंकून किंवा ओढून केलेली असत, म्हणून त्यांतून समोरचे झाड किंचित हलल्यासारखे दिसते. जुनी काच खाली जाड असते कारण ती शंभर वर्षांत हळूहळू खाली ओघळते, असे अनेकजण सांगतात. तसे काही होत नाही. काच बनतानाच कमीजास्त जाडीची झालेली असते, आणि बसवणाऱ्याने जड कड बहुधा खाली घेतलेली असते. ही लाटांची काच आता सहजी मिळत नाही, म्हणून जुन्या कपाटाची एखादी झडप असेल तर तिची काच ‘नवी स्वच्छ टाकून देतो’ म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका.

आता रोजच्या उपयोगाच्या काचा.

नक्षीदार काच म्हणजे तापलेली काच नक्षी कोरलेल्या रुळांतून काढलेली. एक बाजू उठावाची, दुसरी जवळजवळ सपाट. दाणेदार पिनहेड, फुलांची, चौकड्यांची, पावसाच्या थेंबांसारखी, आणि सध्या सगळीकडे दिसणारी उभ्या पन्हळींची फ्लूटेड. आडोसा किती मिळणार ते नक्षीच्या खोलीवर आणि माणूस काचेपासून किती दूर आहे त्यावर ठरते. फ्लूटेड काचेमागे हातभर अंतरावरचा माणूस उभ्या पट्ट्यांत विरून जातो, पण काचेला टेकलेला हात बोटांसकट दिसतो. तेव्हा ती बोळातल्या दाराला, कपाटाला, दिवाणखाना आणि जेवणाच्या जागेमधल्या पडद्याला उत्तम. शौचालयाच्या दाराला नको. कपाटाला लावलीत तर आतली भांडी धूसर दिसतात, पसारा झाकतो, पण त्यांचे रंग कळतात. हा गुण मला फार आवडतो.

उठावाची बाजू कुठे ठेवायची हे कारागीर विचारत नाही, आपणच सांगायचे असते. जिथे पाणी, तेल किंवा धूळ येणार तिकडे सपाट बाजू. आंघोळीच्या आडोशाला आत सपाट. स्वयंपाकघरात गॅसकडे सपाट. रस्त्याकडच्या खिडकीला बाहेर सपाट. पन्हळींत एकदा फोडणीचा चिकटा बसला की दात घासायच्या ब्रशशिवाय निघत नाही. मागणीच्या कागदावर ‘नक्षी आत’ किंवा ‘नक्षी बाहेर’ असे स्पष्ट लिहून घ्या आणि पन्हळी उभ्या की आडव्या तेही. आमच्या ओळखीच्या एका घरी कपाटाची सहा दारे उभी आणि दोन आडवी आली होती, कारण त्या दोन तुकड्यांचे माप लिहिताना लांबी-रुंदी उलटी पडली होती. काच टफन्ड होती, पुन्हा कापणे शक्य नव्हते.

दुधी काच तीन मार्गांनी होते, आणि फरक वापरताना कळतो. वाळूचा मारा केलेली काच हाताला खरखरीत लागते. तिच्यावर तेलकट बोट उमटले की डाग बसतो आणि पाणी पडले की तेवढा भाग पारदर्शक होतो. आम्लाने खोदलेली काच रेशमासारखी मऊ लागते आणि बोटे कमी धरते, म्हणून महाग असूनही दारांना तीच घ्यावी. दुकानात ओले बोट टेकवून पाहा, उत्तर तिथेच मिळेल. न्हाणीघरात कोणतीही दुधी बाजू पाण्याकडे येऊ देऊ नका. तिसरा मार्ग फिल्मचा. भाड्याच्या घरात हाच शहाणपणाचा. काच स्वच्छ धुवा, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून ते काचेवर भरपूर फवारा, फिल्म ओलीच ठेवा, रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत जा. घर सोडताना केसांच्या ड्रायरने गरम केली की सोलून निघते.

लॅकर्ड काच, म्हणजे मागून रंग दिलेली, आता ओट्यामागच्या टाइल्सच्या जागी आणि कपाटांच्या शटरला सर्रास येते. सांधे नसल्यामुळे पुसायला सोपी, ते खरे. तीन गोष्टी मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका. पहिली रंगाची. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे तिला किंचित हिरवट झाक असते. मागे शुभ्र रंग दिला की पुढून तो फिकट पोपटी दिसतो. पांढरा, मोतिया, फिका गुलाबी हवा असेल तर ‘एक्स्ट्रा क्लिअर’ काच मागा, गडद रंगाला साधी चालते. दुसरी उष्णतेची. गॅसच्या मागची काच टफन्डच हवी, नाहीतर मोठ्या शेगडीवर कढई तापताना तिच्यामागचा भाग तापतो, कडा गार राहतात आणि काच तडकते. टफन्ड काचेला भट्टीनंतर भोक पाडता येत नाही, म्हणून विजेच्या प्लगची जागा आधी नक्की करा, मागाहून मिक्सर दुसऱ्या कोपऱ्यात नेता येणार नाही. तिसरी गोष्ट चिकटवण्याची, आणि इथे चुका फार होतात. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते लॅकर्ड काचेच्या आणि आरशाच्या पाठीला वापरायचे नाही. त्यातले आम्ल रंगाला आणि चांदीच्या थराला खाते. कारागीर नळी उघडतो तेव्हा तुम्ही वास घ्या. ‘न्यूट्रल’ सिलिकॉनच हवे.

आरशाच्या कडा काळ्या पडतात त्याचे निम्मे कारण हेच, उरलेले निम्मे म्हणजे ओल. न्हाणीघरात आरसा भिंतीला चिकटवून टाकू नका, मागे थोडी हवा खेळू द्या आणि खालची कड वॉश बेसिनपासून वर ठेवा, म्हणजे तिथे पाणी साठून राहणार नाही. शनिवारवाड्यात पेशव्यांचा आरसे महाल होता, आणि आरशांच्या खोलीचे आकर्षण आपल्याला आजही आहे. पण लहान खोली मोठी दिसावी म्हणून सबंध भिंतीला आरसा लावण्याआधी एक करा. त्या जागी खुर्चीवर बसून समोर काय आहे ते पाहा. आरसा तेच दुप्पट करतो. समोर खिडकी आणि झाड असेल तर जरूर लावा. समोर चपलांचे कपाट असेल तर भिंत रंगवणे बरे.

कापडाची काच हा प्रकार मला मनापासून सुचवावासा वाटतो. दोन काचांच्या मध्ये पातळ पारदर्शक थर वितळवून जी लॅमिनेटेड काच करतात, तिच्यात कापड, जाळी, हातकागद, वाळलेली पाने काहीही धरता येते. जुन्या पैठणीचे अंग विरलेले पण पदर शाबूत असेल, आईच्या इरकलीचा काठ असेल, तर तो ट्रंकेत घडीवर फाटत ठेवण्यापेक्षा देवघराच्या दारात येऊ शकतो. मागून उजेड आला की जर आणि वीण दोन्ही दिसतात. आधी कापडाचा लहान तुकडा देऊन नमुना करून घ्या, कारण उष्णतेत काही जुने रंग पसरतात आणि सुरकुती एकदा धरली गेली की कायमची. कड उघडी असेल तर ओल आत शिरते, म्हणून चारी बाजूंनी चौकट हवी. थेट उन्हात नको.

इथे लॅमिनेटेड आणि टफन्ड यांतला भेद सांगितला पाहिजे, कारण शोभेच्या काचेचे बोलताना तो राहून जातो आणि अपघात तिथेच होतात. साधी काच फुटली की सुरीसारखे लांब तुकडे होतात. टफन्ड काच सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून वाऱ्याच्या झोतांनी एकदम थंड केलेली असते. त्याने ती साधारण चौपट बळकट होते आणि फुटलीच तर बोथट, ज्वारीच्या दाण्यांपेक्षा थोड्या मोठ्या खड्यांचा ढीग होतो. लॅमिनेटेड तडकते, पण मधला थर तुकडे धरून ठेवतो, जागा उघडी पडत नाही. दार, आंघोळीचा आडोसा, टीपॉय, गॅसमागची भिंत इथे टफन्ड. डोक्यावर येणारी काच, जिन्याचा आणि गॅलरीचा कठडा, तळमजल्याची खिडकी इथे लॅमिनेटेड, शक्यतो दोन्ही काचा टफन्ड असलेली. जुन्या कारखान्यांत आणि जिन्यांत दिसणारी तारेच्या जाळीची काच जास्त मजबूत असते असा समज आहे. ती साध्या काचेपेक्षा बळकट नसते, फुटल्यावर जाळी तुकडे धरते एवढेच, आणि तिला टफन्ड करता येत नाही.

आमच्या सोसायटीत एका घरी रात्री दोन वाजता आंघोळीचा आडोसा कुणी हात न लावता फुटला. घरच्यांना वाटले कुणी घरात शिरले. असे क्वचित होते. काचेत निकेल सल्फाइडचा सुईच्या टोकाएवढा कण राहिलेला असतो आणि तो हळूहळू फुगतो, किंवा बसवताना कडेला टवका गेलेला असतो आणि तो बिजागरीच्या दाबाने वाढत जातो. कणाचा धोका कमी करण्यासाठी कारखान्यात काच पुन्हा तापवून पाहण्याची चाचणी असते, मोठ्या कामाला ती मागता येते. कडांची काळजी मात्र आपल्या हातात आहे. घरी काच आली की बसवण्याआधी चारी कडांवर नजर फिरवा, टवका दिसला तर तीच काच बसवू देऊ नका. कोपऱ्यात भारतीय मानकाचा, आयएस २५५३चा, न पुसला जाणारा शिक्का पाहा. शिक्का नसेल तर ती टफन्ड आहे हे तुम्हाला फक्त तोंडी सांगितले गेले आहे. आणि ज्या घरात लहान मूल किंवा कमी दिसणारे आजी-आजोबा आहेत तिथे पूर्ण पारदर्शक दाराला त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर दुधी पट्टी हवीच.

वजनाचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलो भरते. सात फूट उंच आणि अडीच फूट रुंद दार दहा मिलिमीटर काचेचे केले तर चाळीस किलोंच्या वर जाते. जुन्या लाकडी चौकटीला ते झेपणार नाही. कपाटाच्या शटरला चार-पाच मिलिमीटर पुरते. दुकानात भाव चौरस फुटाला सांगतात, पण अनेक ठिकाणी माप पुढच्या तीन किंवा सहा इंचांच्या टप्प्यावर नेऊन आकारणी होते, ते आधी विचारा. कधी कधी चौकट अर्धा इंच लहान केली की पैसे वाचतात. माप चौकट बसल्यावरच द्या, तेही वर, मध्ये आणि खाली तीनदा घेऊन, आणि दोन्ही कर्ण मोजून. कर्ण जुळले नाहीत तर चौकट तिरकी आहे, आणि काच ते झाकत नाही, दाखवते.

पश्चिमेच्या गॅलरीला रंगछटेची काच किंवा उन्हाची फिल्म लावण्याआधी सोसायटीची परवानगी घ्या, बाहेरचे रूप बदलते म्हणून वाद होतात. गडद फिल्म साध्या काचेवर लावली आणि अर्धी काच सज्जाच्या सावलीत राहिली, तर तापलेला आणि गार भाग एकमेकांना ओढतात आणि काच कडेपासून तडकते. तिथे काचच टफन्ड घ्या. अंधाऱ्या डक्टकडच्या भिंतीला काचेच्या विटा हा चांगला उपाय आहे, उजेड येतो, दिसत काही नाही. फक्त त्या भार घेत नाहीत, वर तुळई लागते.

निगा राखण्यात पुण्याचे पाणी मध्ये येते. धरणाचे पाणी मऊ आहे, पण उपनगरांत जिथे बोअर किंवा टँकर आहे तिथे कातळातले जड पाणी आंघोळीच्या काचेवर पांढरे ठिपके सोडते. रोज रबरी पट्टीने पाणी ओढणे हाच खरा उपाय. बसलेल्या डागांना पाणी घातलेले व्हिनेगर चालते, मात्र खाली कडाप्पा किंवा संगमरवर असेल तर त्यावर थेंब पडू देऊ नका, दोन्ही चुन्याचे दगड आहेत आणि आम्लाने त्यांची चकाकी जाते. घरात गवंडीकाम चालू असेल तर काच आधी झाका. ओले सिमेंट काचेला कायमचे खाते. पावसाळ्यात दुकानातून काच घेताना ती तिरकी धरून पाहा. ओलीत एकावर एक ठेवलेल्या काचांवर इंद्रधनुष्यासारखे डाग धरतात, ते पुसून जात नाहीत.

शेवटचे, ज्यांचा वाडा पाडायला निघाला आहे त्यांच्यासाठी. पेठांत हे रोज घडते आहे, आणि बरीचशी रंगीत तावदाने राडारोड्यात जातात. थोडी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पोहोचतात. तुमची तुम्हीच काढून घ्या. करारनाम्यात दारे, झडपा आणि तावदाने मालकाची किंवा भाडेकरूची म्हणून लिहून घ्या. शक्य असेल तर काच सुटी न करता अख्खी झडप बिजागरीतून काढा. सुटीच करावी लागली तर आधी प्रत्येक तावदानाचा फोटो काढून त्यावर कागदी चिकटपट्टी लावा आणि क्रमांक घाला. लाकडी पट्ट्या पातळ पटाशीने मधून उचला, कोपऱ्यातून नाही. लांबी कडक झाली असेल तर जवसाचे तेल लावून दोन दिवस थांबा, हातोडा मारू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून खरवडताना तोंडावर मास्क बांधा आणि मुलांना दूर ठेवा. काढलेल्या काचा आडव्या रचू नका. मध्ये वर्तमानपत्र घालून, लाकडी खोक्यात, कडेवर उभ्या ठेवा. आमच्या माडीची अकरा तावदाने मी अशी आणली. दोन लाल तडकलेली होती, ती कापून लहान केली. आता ती कोथरूडच्या घरात स्वयंपाकघर आणि बोळ यांच्यामधल्या दारावर आहेत, पूर्वेचा उजेड मागून येईल अशी, आणि सकाळी आठच्या सुमारास हिरवा चौकोन पाण्याच्या माठावर पडतो.